‘औषध घेतलं’ एवढंच मी म्हणाले

मला शुगर निघाली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि अंगानं काडी. शुगर म्हणजे पोट सुटलेल्या शेठजींचा आजार, असं आमच्याकडं सगळ्यांचं मत. त्यामुळं बीडच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद पुढं सरकवला तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, नाव नीट बघा. दुसऱ्या कुणाचा असंल." त्यांनी नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. माझंच होतं.

आधीचे सहा महिने मला सारखी तहान लागायची. रांजण मी एकटीच रिकामा करते म्हणून सासूबाई बोलायच्या. न्हाणीच्या मोरीला मुंग्या लागायच्या. लेकीची वेणी घालता घालता हात गळून खाली यायचे. हे सगळं शुगरचं असतं हे कुणाला ठाऊक?

डॉक्टरांनी रोज सकाळी जेवणाआधी घ्यायची गोळी लिहून दिली आणि एक गोष्ट दोनदा बजावली. घाम सुटला, हात थरथरायला लागले, तर बाकी काही न बघता चमचाभर साखर तोंडात टाकायची.

परतीच्या एसटीत माझे मालक, मन्मथ, शेजारी होते. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून दोन चहा घेऊन आले. दोन्ही बिनसाखरेचे. मी म्हटलं, "तुमचा कावून बिनसाखरेचा?" ते म्हणाले, "असू दे." त्या दिवसापासून आजतागायत त्यांनी गोड चहा घेतलेला नाही. आजारपणात अशा लहानसहान गोष्टींवरच माणूस तगतं.

दोन दुकानं

पुढचं कळायला आमच्या भागातला एक शब्द नीट कळायला हवा.

आम्ही पाटोद्याला राहत होतो. पुढं दुकान, मागं घर. दुकानात बी-बियाणं, खतं आणि औषधं. ही औषधं म्हणजे फवारणीची. कपाशीवर मारतात त्या विषाला आमच्याकडं कुणी विष म्हणत नाही, औषधच म्हणतात. दवाखान्यात मिळतं तेही औषधच. आणि एखाद्यानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर लोक हळूच सांगतात, "त्यानं औषध घेतलं." ऐकणारा सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून ओळखतो, कुठलं ते.

बाजार नुकता खुला झाला होता. दर महिन्याला नव्या कंपनीचा एजंट यायचा, रंगीत कॅलेंडर द्यायचा, नव्या बाटल्या ठेवून जायचा. बोंडअळी काही मरायची नाही, पण खोकी वाढत गेली. आधी पडवीत, मग माजघरात, शेवटी आमच्या पलंगाखाली. बाहेरचं माणूस आलं की नाकाला पदर लावायचं. आम्हाला वास येईनासा झाला होता.

माझे वडील, अप्पा, नेकनूरला. त्यांचंही दुकान औषधाचंच, पण काष्ठौषधीचं. हिरडा, बेहडा, वावडिंग, मुरुडशेंग. आठवडी बाजारात ते गोणपाट अंथरून बसायचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि बायाबापड्या लेकरांचं पोट, म्हाताऱ्यांचा खोकला त्यांच्यापुढं आणून ठेवायच्या. जावयाला ते हसत म्हणायचे, "जावईबापू, तुमचं औषध मारतंय, माझं तारतंय." मन्मथ म्हणायचे, "मग अप्पा, तुमच्या काढ्यानं बोंडअळी मारून दावा की." असं सासरे-जावयांचं गूळपीठ. आई गेल्यापासून अप्पांना जावई हाच मुलगा होता.

मला शुगर निघाल्याचं कळलं आणि अप्पा पहिल्या गाडीनं आले. पिशवीत हिरवा पाला. बेडकीचा वेल, ज्याला गुडमार म्हणतात, डोंगरातून स्वतः तोडून आणलेला. मला म्हणाले, "चार पानं चावून खा." मी खाल्ली. मग गुळाचा खडा दिला. तोंडात टाकला तर माती! गोडाचा मागमूस नाही. माझी लेक पारू तेव्हा सहा वर्षांची, तिनंही हट्टानं पान चावलं, साखर खाल्ली आणि थू थू करत अंगणात पळाली. सगळे पोट धरून हसलो.

अप्पा म्हणाले, "जिभंला गोड कळंना झालं की वासनाच मरती. अन् रगतातली साखर बी उतरती. रोज सकाळी चार पानं. गोळी घे, पाला बी घे. दोन्ही मिळून आजाराला पळवून लावत्याल."

"डॉक्टरला सांगू का?"

"त्याला कावून सांगायचं? हसंल उगं."

म्हणून नाही सांगितलं. ही माझी पहिली चूक.

निळं पाणी

तेव्हा घरी रक्त तपासायचं यंत्र नव्हतं. काचेच्या नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून चुलीवर तापवायचं. विटकरी झालं तर शुगर भरपूर, हिरवं झालं तर थोडी, निळंच राहिलं तर नाही. पहिल्या महिन्यात माझी नळी विटकरी. पाला सुरू झाल्यावर हिरवी. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी निळी ती निळीच.

अप्पा त्या दिवशी आलेले होते. नळी हातात धरून ते शेजारच्या तीन घरांत दाखवून आले. लघवीची नळी! मी लाजेनं अर्धी झाले. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला बोलवेना. आयुष्यभर लोकांनी त्यांना झाडपाल्याचा म्हातारा म्हटलं, आणि आज त्यांच्या पाल्यानं त्यांच्या लेकीचं पाणी निळं ठेवलं होतं.

निळं पाणी एवढंच सांगतं की साखर वाढलेली नाही. ती किती खाली चालली आहे, ते सांगत नाही. हे मला नंतर कळलं.

श्रावणी सोमवार

श्रावणातला सोमवार होता, कडक उपास. मन्मथ माल आणायला बीडला गेले होते. सवयीनं मी गोळी घेतली. त्या दिवशी पूजा लांबली, म्हणून पाला उशिरा चावला. पोटात अन्नाचा कण नव्हता.

पंधरा-वीस मिनिटांत घाम फुटला. हात लटलटायला लागले. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं, एवढी शुद्ध होती. स्वयंपाकघरात गेले आणि साखरेचा चमचा तोंडात टाकला.

वाळू. निव्वळ वाळू.

मी थुंकले. मला वाटलं चुकीचा डबा घेतला. दुसरा डबा उघडला, बोट बुडवून चाटलं, तीही वाळू. आता कुणी म्हणेल, पाला चावलाय हे कळलं नाही का? नाही कळलं. डोक्यालाच साखर पुरत नसली की डोकं असंच चालतं. मी चूळ भरली आणि भिंत धरत दुकानाकडं निघाले, कुणाला तरी हाक मारायला. मधल्या बोळात औषधाच्या खोक्यांना टेकून बसले ती बसलेच.

सासूबाई धावत आल्या. "काय झालं गं? औषध घेतलं का?"

त्यांना गोळी म्हणायची होती. मलाही गोळीच म्हणायची होती. मी म्हणाले, "घेतलं... औषध घेतलं."

एवढंच मी म्हणाले. पण तोवर शेजारीण दारात आली होती आणि तिला दिसलं ते असं : खोक्यांना टेकून बसलेली सून, तोंडाला फेसासारखी लाळ, आणि ‘औषध घेतलं’. लोक ध चा मा करतात. माझ्या बाबतीत अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही.

पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. जीप आली. मला मिठाचं पाणी पाजलं, उलटी काढली. बीडच्या दवाखान्यात नाकातून नळी घालून पोट धुतलं, विषावरची इंजेक्शनं दिली. डॉक्टरांना तरी शंका का यावी? माझ्या लुगड्याला, केसांना, सगळ्या अंगाला औषधाचा वास होता. औषधाच्या खोक्यांत राहणाऱ्या बाईला दुसरा कसला वास येणार?

दुपार कलली तेव्हा पाळी बदलून एक नर्सबाई आल्या. त्यांनी वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला. "लुगड्याला वास हाय, तोंडाला न्हाई," त्या म्हणाल्या. "हिला शुगर हाय का?"

"हाय की," सासूबाई म्हणाल्या. तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

ग्लुकोजचं इंजेक्शन शिरेत गेलं आणि काही मिनिटांत मी डोळे उघडले. त्या नर्सबाईंचं नाव मला माहीत नाही. विचारायचं सुचलं तेव्हा त्यांची बदली झाली होती.

पाच तास गेले होते. त्या पाच तासांनी माझ्या उजव्या हाताची पकड नेली आणि काही शब्द नेले. अजूनही पळीला मी ‘ते’ म्हणते.

अप्पा

एसटीडी बूथवरून कुणीतरी नेकनूरला फोन केला होता. निरोप दिला, "अप्पांना सांगा, पोरीनं औषध घेतलं."

मी शुद्धीवर यायच्या आधीच अप्पा दवाखान्यात पोचले होते. ज्या जावयाला त्यांनी कधी ‘तुम्ही’शिवाय हाक मारली नाही, त्याची त्यांनी सगळ्यांदेखत गचांडी धरली. "माझ्या पोरीला काय केलंस बे? घरात इषाचे डोंगर लावून ठिवलेस, तिला दुसरं काय दिसंल?" मन्मथनी हात जोडले. त्यांनाही तेव्हा काही माहीत नव्हतं. पुढं ते मला म्हणाले, त्या वेळी त्यांनाही वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल.

मी डोळे उघडले तर उशाशी अप्पा. म्हणाले, "तरास व्हता तर नेकनूरला यायचं व्हतंस गं. दार उघडंच हाय की."

मग ते माझ्यासाठी दूध बघायला खाली गेले आणि तेवढ्यात डॉक्टर आले. मी त्यांना पाल्याचं सांगितलं. ते कपाळाला हात लावून उभे राहिले. म्हणाले, "गोळीनं साखर उतरते, पाल्यानंही उतरते, वर उपास. पाल्यात गुण नसता तर काहीच झालं नसतं. गुण आहे म्हणूनच हे झालं."

अप्पा दुधाचा पेला घेऊन आले. त्यांच्या नखांत पाल्याचा हिरवा-काळा रंग बसलेला होता. 

खरं सांगावं तर, तुमच्या हातानं मी मरणार होते, असं बापाला सांगायचं. न सांगावं तर, लेकीला जीव नकोसा झाला होता हे त्यांच्या मनात कायमचं. नुसतं ‘शुगर उतरली’ म्हणावं तर कशानं उतरली हे अप्पा खोदून काढणारच. इकडं आड, तिकडं विहीर. अप्पा बाहेर गेल्यावर मी मन्मथना म्हणाले, "अप्पांना पाल्याचं सांगू नका. म्हातारपणी खचतील. थोडे दिवस जाऊ द्या, मी सांगते."

त्यांनी माझं पांघरूण नीट केलं. मग म्हणाले, "बरं."

ही माझी दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी.

शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, तिनं खरंच घेतलं होतं. तिच्या आईनं मला विचारलं, "तुमी कावून घेतलं बाई?" मी म्हटलं, "मी नाही घेतलं." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "माझी बी असंच म्हणती."

घर

पुढं मला औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाकीच्यांनी काय खाता ते विचारलं होतं, त्यांनी राहता कुठं ते विचारलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "शरीरातल्या ग्रंथी एकमेकींना निरोप पाठवत असतात. फवारणीची काही द्रव्यं त्या निरोपात घोळ घालत असावीत आणि त्यातून असे आजार येत असावेत, असा संशय आता घेतला जातोय. तुमचं त्यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही." निरोपात घोळ झाला की काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

पाल्याचंही त्यांनी सांगितलं, की त्यातलं नेमकं द्रव्य काढून, मोजून, त्याचं औषध करता येईल का, यावर अभ्यास चालतो. "तोपर्यंत मुठीनं मोजलेल्या पाल्यावर भरवसा ठेवू नका. आणि घ्यायचाच तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही." हे वाचणाऱ्या प्रत्येक शुगरवाल्याला माझंही तेवढंच सांगणं आहे. डॉक्टर हसले तर हसू द्या.

मन्मथनी त्याच आठवड्यात गावाबाहेर गोदाम बघून सगळी खोकी घरातून हलवली. पलंगाखालची फरशी स्वतः घासून काढली. म्हणाले, "माझ्या धंद्यानंच तुला शुगर झाली असंल." डॉक्टरीणबाईंनी पक्कं म्हटलं नव्हतं, पण यांनी ते स्वतःच्या माथी घेतलं. माझा नवरा असा आहे. आणि गाव त्याच नवऱ्याकडं बोट दाखवत होतं, की यानं बायकोला औषध घ्यायला लावलं.

अप्पांनी आमच्या घराचं पाणी सोडलं. पाटोद्याला यायचे, पण स्टँडवरच थांबायचे. मी बाकावर जाऊन भेटायचे. ते पाल्याची पुडी हातात द्यायचे. मी घ्यायचे आणि घरी येऊन परसात पुरायचे. अशी चार वर्षं मी पुड्या पुरत राहिले. दर वेळी ठरवायचे, आज सांगायचं. दर वेळी ते विचारायचे, "पाणी निळं ऱ्हातंय का?" आणि त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक यायची. मी पुडी पिशवीत टाकून उठायचे.

एकदा मन्मथ जेवता जेवता ताटावरून उठले. कुणीतरी दुकानात टोमणा मारला होता. म्हणाले, "तुझ्या अप्पाचा मान ऱ्हायला. माझा?" तेवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

शेवटी पारूनं विचारलं. दहा वर्षांची झाली होती. शाळेतून आली, दप्तर न काढता उभी राहिली. "आई, बाबांनी तुला लई तरास दिला व्हता का?"

दुसऱ्या दिवशी मी नेकनूरला गेले.

नेकनूर

अप्पा हिरडा तोलत होते. मी सगळं सांगितलं. गोळी, उपास, पाला, वाळू, नर्सबाई. डॉक्टर काय म्हणाले तेही. तराजू त्यांच्या हातात तसाच राहिला.

मग ते म्हणाले, "नवऱ्याला सोडवायला बापाच्या औषधाला नावं ठिवतीस?"

"अप्पा, शपथ घेते. खरं आहे."

"खरं हाय? मग चार वर्सं कुठं ठिवलं व्हतंस?"

 त्यांना जपण्यासाठी गप्प बसले हे सांगितलं असतं, तर तेही खोटंच वाटलं असतं. मी स्वतःच माझ्या खऱ्याची किंमत घालवून बसले होते. ते पाठ फिरवून बरण्या पुसायला लागले. मी दारात उभी राहिले, बस चुकेपर्यंत. त्यांनी वळून बघितलं नाही.

त्यानंतर ते स्टँडवर आले नाहीत. मी दोनदा गेले, दुकानाला कडी. घरात असूनही दार उघडलं नाही. दीड वर्षानं थंडीत छातीत कळ येऊन अप्पा गेले. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून भस्म लावून झालं होतं. डोळे मिटलेले, हातात इष्टलिंग. मन्मथनी खांदा दिला. मी रडले, पण रडण्यात रागही होता. बापानं मला खोटं ठरवूनच डोळे मिटले, असं वाटत होतं.

बाजाराचा दिवस

महिन्याभरानं अप्पांचं दुकान रिकामं करायला आम्ही दोघं नेकनूरला गेलो. बाजाराचाच दिवस होता. मन्मथ बरण्या उतरवत होते आणि मी पोती बांधत होते. एक बाई दारात आली, पन्नाशीची, हातात पिशवी. अप्पा गेल्याचं तिला माहीत होतं. म्हणाली, "शुगरचा पाला मिळंल का बाई? अप्पा मला देतच न्हवते."

"का देत नव्हते?"

"गोळी चालू हाय ना माझी. अप्पा पयलं तेच इचारायचे, डॉक्टरची गोळी चालू हाय का? हाय म्हणलं की पुडी मागं. म्या लई भांडले. सगळ्यास्नी तसंच करायचे."

"कधीपासून?" मी हातातली दोरी सोडून विचारलं.

"झालं की वरीस-दीड वरीस. म्हणायचे, माझ्या पाल्यानं माझीच लेक मराया टेकली व्हती. अन् म्या देवमाणूस जावयावर आळ घेतला. दर बाजाराला सांगायचे. ऐकणाऱ्याला कटाळा यायचा, पर ते सांगायचे."

आम्ही कोण, याची तिला काही कल्पना नव्हती. पाला नाही म्हटल्यावर ती निघून गेली.

मी मन्मथकडं बघितलं. ते हातातली बरणी घेऊन पोत्यावर बसले होते. इतक्या वर्षांत, दवाखान्यातसुद्धा, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"साऱ्या बाजाराला सांगितलं गं," ते म्हणाले. "मला एकट्याला सांगायचं ऱ्हायलं."